फोन आणि नेट एकाच वायरवर आणायचंय? मग फोन सगळ्यात शेवटी घ्या

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या बाजूला मुसळगाव-माळेगाव एमआयडीसीतल्या कुठल्याही पंधरा-वीस जणांच्या ऑफिसात जा, भिंतीवर दोन जाळी दिसतील. एक जुनं, फोनचं, रिसेप्शनच्या मागच्या ईपीएबीएक्समधून (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) निघालेलं दोन-दोन तारांचं, आणि दुसरं लॅनचं, म्हणजे कॉम्प्युटरचं. दोन्हीची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) वेगळी, दोन्हीला येणारी माणसं वेगळी, आणि आवाज खरखरला की नेटवाला म्हणतो माझं नाही, ईपीएबीएक्सवाला म्हणतो लाइन खराब आहे, लाइनमन म्हणतो तुमचं आतलं वायरिंग बघा. हे सगळं एकाच नेटवर्कवर आणता येतं आणि आता तर आणायलाच हवं असं माझं मत आहे. हा लेख ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मालक असाल किंवा ऑफिसमधले ते एक जण असाल ज्यांच्या गळ्यात "कॉम्प्युटरचं सगळं" पडलेलं असतं.

आधीच सांगतो, बहुतेक लोक सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. छान रंगीत डिस्प्लेचे आयपी फोन (लॅनवर चालणारे) आधी येतात, टेबलावर लागतात, आणि मग महिनाभर "हॅलो, ऐकू येतंय का, हॅलो" चालू राहतं. फोनमध्ये दोष नसतोच, खालचं नेटवर्क आवाजासाठी तयार केलेलं नसतं. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्या क्रमानेच जा.

मुळात बदलतं काय

जुन्या पद्धतीत नंबर फिरवला की एक्स्चेंज तुमच्यासाठी ६४ केबीपीएसचा एक मार्ग राखून ठेवायचं. तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, फोन ठेवेपर्यंत तो तुमचाच. पीआरआय लाइन घेतलेली असेल तर २.०४८ एमबीपीएसमध्ये असे ३२ कप्पे असतात, त्यातले ३० बोलायला, बाकीचे दोन सिग्नलिंगला आणि ताळमेळ ठेवायला. एकतिसावा कॉल आला की बिझी टोन, विषय संपला.

पॅकेटवाल्या पद्धतीत राखीव काहीच नसतं. आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात, दर मोजणीला ८ बिट, झाले ते ६४ केबीपीएस, आणि मग त्याचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, करून पाठवतात. एका तुकड्यात आवाजाचे १६० बाइट आणि त्यावर पत्ता-बित्ता लिहायला ४० बाइट. सेकंदाला असे ५० तुकडे जाणार आणि ५० येणार. म्हणजे एका कॉलला प्रत्येक दिशेने ८० केबीपीएस, इथरनेटचं वेष्टन धरलं तर ८७ च्या आसपास. हा जी.७११ कोडेकचा (आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीचा) हिशोब झाला, जी.७२९ घेतलात तर आवाज ८ केबीपीएसमध्ये मावतो आणि वेष्टनासकट ३१ च्या आसपास जातं, पण आवाज थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

आता गंमत बघा, दहा कॉल एकदम चालू असले तरी एक एमबीपीएसच्या आतच काम होतंय. मग लोक म्हणतात आमच्याकडे तर १०० एमबीपीएस आहे, आम्हाला काय टेन्शन. इथेच फसतात. आवाजाला स्पीड फार लागत नाही, वेळ पाळावी लागते. मेलचं एखादं पॅकेट हरवलं तर परत मागवता येतं, मेल दोन सेकंद उशिरा आली तर कुणाला कळत पण नाही. आवाजाचं पॅकेट उशिरा आलं तर ते हरवल्यातच जमा, कारण तोपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) जी.११४ शिफारशीप्रमाणे तोंडापासून कानापर्यंत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. त्याच्या जोडीला पॅकेटं येण्यातला चढउतार, म्हणजे जिटर, ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत, हा फील्डमधला चालू अंदाज. हे तीन आकडे कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवा.

आणि हे काही नवीन प्रयोग नाही हं. मोबाइलवरचा व्होल्टीई कॉल पॅकेटमधूनच जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचं व्हॉइस नेटवर्क नव्हतंच, सगळं आयपीवर. तुमच्या घरी फायबर असेल आणि त्या डब्याच्या मागे फोनची वायर खोचलेली असेल तर तो "लँडलाइन" सुद्धा आयपीच आहे. ऑपरेटरच्या बाजूला हे होऊन गेलंय, राहिलाय तो तुमच्या ऑफिसातला शेवटचा तुकडा.

पहिली पायरी: वही घेऊन फिरा

ईपीएबीएक्सच्या बाजूला एमडीएफ बॉक्स असतो, फोनच्या सगळ्या जोड्या जिथे एकत्र येतात तो, क्रोनच्या पट्ट्या बसवलेला. तो उघडा आणि कुठली जोडी कुठे जाते ते लिहा. निम्म्या जोड्यांचं दुसरं टोक कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही, जुना वायरमन सोडून गेलेला असतो आणि लेबलवरची शाई उडालेली असते. टोन जनरेटर लावून शोधा, एक दुपार जाते पण जाऊ द्या.

यादीत फक्त टेबलावरचे फोन धरू नका. गेटवरच्या वॉचमन केबिनचा फोन, लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, फायर पॅनलचा ऑटो-डायलर, फॅक्स, जुनं कार्ड स्वाइप मशीन, कुठेतरी पंपहाऊसमध्ये लटकलेला एखादा फोन, हे सगळं लिहा. ही मंडळी बदलाच्या दिवशी गुपचूप मरतात आणि दोन महिन्यांनी गरज पडते तेव्हा कळतं. फॅक्स आता कोण वापरतं म्हणाल, पण एखादा जुना कस्टमर असतोच. जी.७२९ सारख्या दाबणाऱ्या कोडेकमधून फॅक्स जात नाही, त्यासाठी टी.३८ ही आयपीवरून फॅक्स पाठवायची पद्धत लागते आणि ती तुमच्या गेटवेत (जुनं आणि आयपी जोडणारा डबा) आणि ऑपरेटरकडे दोन्हीकडे चालू असावी लागते.

मग गर्दीच्या तासाचा हिशोब. ईपीएबीएक्समधून कॉलचा रिपोर्ट निघतो, नसेल निघत तर रिसेप्शनवरच्या ताईंना आठवडाभर टिपून ठेवायला सांगा. समजा गर्दीच्या तासात बाहेरचे ४० कॉल आणि सरासरी तीन मिनिटं, म्हणजे १२० मिनिटं, म्हणजे सरासरी एका वेळी दोन कॉल चालू, यालाच २ एरलँग म्हणतात. एरलँग हे डेन्मार्कच्या टेलिफोन कंपनीतल्या गणितज्ञाचं नाव, त्याने शंभरेक वर्षांपूर्वी मांडलेलं सूत्र अजून चालतं. २ एरलँगला सहा चॅनल (एका वेळी बाहेर जाऊ शकणारे कॉल) घेतले तर शंभरात साधारण एखादा कॉल बिझी लागतो, सात घेतले की प्रश्नच मिटला. सेल्सवाला तीस चॅनल विकायला बघत असतो, त्याला हा कागद दाखवा.

दुसरी: नंबरचं काय होणार ते आधी ठरवा

हा मुद्दा लोक शेवटी काढतात आणि रडतात. आपल्याकडे मोबाइल नंबर पोर्ट होतो, लँडलाइन नंबर दुसऱ्या ऑपरेटरकडे पोर्ट होत नाही. तुमचा ०२५३ चा जुना नंबर बिलबुकावर, बोर्डावर, कस्टमरच्या वेंडर मास्टरमध्ये, सगळीकडे छापलेला आहे. मग तीनच वाटा: त्याच ऑपरेटरकडून एसआयपी ट्रंक (आयपीवरून येणारी बाहेरची फोन लाइन) घ्या आणि तोच नंबर त्यावर चालेल का हे लेखी घ्या, किंवा ती एक जुनी लाइन ठेवा आणि एफएक्सओ गेटवेतून (जुनी लाइन आयपीला जोडणारा डबा) नव्या सिस्टिममध्ये आणा, किंवा जुन्या नंबरवर फॉरवर्डिंग लावून वर्षभरात नवा नंबर सगळ्यांना कळवा. छोट्या युनिटला मी दुसरी वाट सुचवतो. भाडं फार नसतं आणि नंबर हातचा जात नाही.

कायद्याचं थोडक्यात. बाहेरचे कॉल करायला परवानाधारक ऑपरेटरचाच ट्रंक पाहिजे, दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये लायसन्सच्या अटी बदलून इंटरनेट टेलिफोनी मोकळी केली तरी ती परवानाधारक कंपन्यांसाठीच. परदेशातल्या कुठल्या तरी वेबसाइटवरून स्वस्त मिनिटं घ्यायची, किंवा ढीगभर सिमकार्डांचा डबा लावून कॉल फिरवायचे, असलं काही कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, त्यात पोलीस केस होते. नाशिक आणि पुण्याच्या ब्रँचमध्ये आपापसात आपल्या लिंकवरून बोलणं ठीक, पण नाशिकचा कॉल पुण्याच्या लाइनमधून बाहेर काढायची आयडिया डोक्यात असेल तर आधी ऑपरेटरकडून लेखी घ्या.

तिसरी: केबल

जुन्या फोनच्या जोडीवर आयपी फोन चालेल का असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. साधं इथरनेट नाही चालत. कॅट ६ टाका, आणि स्विचपासून फोनपर्यंत १०० मीटरची मर्यादा पाळा, पॅच कॉर्ड धरून. शॉपफ्लोअरवर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि वेल्डिंग सेटच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये लॅन केबल बांधू नका, वायरमनला सोपं पडतं म्हणून तो तेच करणार, उभं राहून बघा.

गेटची केबिन बहुतेक शंभर मीटरच्या पलीकडे असते. तिथे दोन पर्याय. फायबर टाका, त्याचा अजून एक फायदा असा की मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली तरी फायबरमधून झटका आत येत नाही, तांब्याच्या लांब केबलने अख्खा स्विच जळालेला मी बघितलाय. नाहीतर तिथला साधा फोन आणि जुनी जोडी तशीच ठेवा, फक्त रॅकजवळचं टोक एफएक्सएस गेटवेला (साधा फोन आयपीला जोडणारा डबा) लावा. साधा फोन जुन्या जोडीवर काहीशे मीटर आरामात चालतो. सगळंच नवीन झालं पाहिजे असा हट्ट धरू नका.

डेस्कवर फोनसाठी वेगळा पॉइंट नसला तरी चालतं. आयपी फोनच्या मागे दोन पोर्ट असतात, भिंतीतून फोनला आणि फोनमधून पीसीला. फक्त दुसरा पोर्ट गिगाबिट आहे का ते बघून घ्या, स्वस्त मॉडेलमध्ये १०० चाच असतो आणि मग डिझाइनवाला ड्रॉइंग उघडताना बोंब मारतो.

चौथी: लाइट गेली तर?

जुना फोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चालायचा, म्हणून अख्खी एमआयडीसी अंधारात असली तरी महावितरणला कम्प्लेंट करता यायची. आयपी फोन तुमच्या विजेवर चालतो. स्विच पीओई, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज देणारा, घ्या म्हणजे प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर लागत नाही. साध्या पीओईत, ८०२.३एएफमध्ये, एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत मिळतात आणि डेस्क फोनला साधारण पाचेक वॉट पुरतात. पण २४ पोर्टचा स्विच घेतला म्हणजे चोवीस पोर्टला पूर्ण पॉवर मिळेल असं नाही, डब्यावर एकूण पीओई बजेट लिहिलेलं असतं ते वाचा, कारण पुढे कुणीतरी त्याच स्विचवर कॅमेरे पण लावणार आहे.

वीस फोनचे १०० वॉट, स्विच स्वतः, राऊटर, पीबीएक्सचा (नव्या ईपीएबीएक्सचा) डबा असं धरून १७५ वॉट समजा. १२ व्होल्टची १५० एएचची एक बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते, प्रत्यक्षात पाच-सहा तास धरा, तेही बॅटरी नवी असेल तर. इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाता-येता स्विच रीस्टार्ट होतो आणि चालू कॉल तुटतात.

आणि इथे एक हमखास राहतं. रॅक यूपीएसवर असतो, राऊटर यूपीएसवर असतो, आणि फायबरचा ओएनटी (फायबर ज्यात येतं तो ऑपरेटरचा डबा) मात्र रिसेप्शनच्या भिंतीवर, साध्या बोर्डात, फिश टँकच्या पंपाशेजारी खोचलेला. लाइट गेली की सगळे फोन चालू दिसतात, आतल्या आत बोलता येतं, आणि बाहेर एकही कॉल लागत नाही. तो ओएनटी रॅकमध्ये आणा.

पाचवी: नेटवर्कची विभागणी, खरं काम इथे आहे

एकाच वायरवर सगळं आणायचं पण सगळ्यांना एकाच खोलीत कोंबायचं नाही. मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येते तो) लागेल, इथे पैसे वाचवू नका. त्यावर व्हीलॅन करा, म्हणजे एकाच वायरवर वेगवेगळी नेटवर्क, उदाहरणार्थ नंबर १० पीसींना, नंबर २० फोनना, नंबर ३० कॅमेऱ्यांना. फोनच्या पोर्टवर व्हीलॅन २० टॅग्ड (पॅकेटवर व्हीलॅनचा नंबर लिहून) आणि पीसीचा १० अनटॅग्ड. स्विच आणि फोन दोघांनाही एलएलडीपी-मेड (एकमेकांना ओळख सांगायची पद्धत) येत असेल तर फोन लावल्या लावल्या स्वतःच विचारून २० मध्ये जातो. डीएचसीपीमध्ये (यंत्रांना आयपी पत्ते वाटणारी सेवा) ऑप्शन ६६ टाकला की कॉन्फिगरेशन कुठून घ्यायचं ते पण त्याला कळतं, वीस फोनवर एकेक करून पासवर्ड टाइप करायची वेळ येत नाही.

व्हीलॅन केले म्हणजे आवाजाला प्राधान्य मिळालं असं समजू नका, ते क्यूओएसचं काम, म्हणजे कुणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगचं. फोन आपल्या आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ असा शिक्का मारतो, त्याला ईएफ म्हणतात. स्विचला सांगावं लागतं की फोनच्या पोर्टवरून आलेल्या या शिक्क्यावर विश्वास ठेव आणि त्याला पहिल्या रांगेत घाल. द्वारका चौकात संध्याकाळी ॲम्ब्युलन्स अडकते तसं आहे, सायरन वाजतोय पण पुढच्याने बाजूलाच व्हायचं नाही ठरवलं तर सायरनचा उपयोग शून्य.

पण ऑफिसच्या आत गर्दी क्वचितच होते, आत गिगाबिट असतं. खरी गर्दी होते इंटरनेटकडे बाहेर जाताना, अपलोडला. एका ऑफिसात रोज चारच्या सुमारास समोरच्याला आवाज तुटक जायचा, आपल्याला त्याचा मात्र स्वच्छ यायचा. फोन बदलून झाले, केबल बदलून झाली. शेवटी राऊटरवर बघितलं तर चार वाजता टॅलीचा बॅकअप क्लाउडवर चढायला सुरुवात व्हायची आणि अपलोड पूर्ण भरायचं. त्यामागे आवाजाची पॅकेटं उभी. "मला ऐकू येतंय पण त्यांना येत नाही" ही तक्रार आली की पहिलं अपलोडकडे बघायचं.

तपासायचं कसं ते सांगतो, दहा मिनिटांचं काम आहे. एका पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ट्रंकवाल्याचा पत्ता किंवा ऑपरेटरचा पहिला गेटवे सतत पिंगला लावा, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसतं. रिकाम्या वेळी समजा ८-१० मिलिसेकंद येतायत. आता दुसऱ्या पीसीवरून एखादी मोठी फाइल ड्राइव्हवर अपलोड करा आणि पिंगचे आकडे बघत बसा. १०-१२ राहिले तर उत्तम. १५०, ३००, ५०० असे चढायला लागले तर तुमच्या लाइनवर रांग साचतेय, आणि १०० चं ३०० एमबीपीएस केलं तरी ही रांग काही काळच पुढे ढकलली जाईल. उपाय राऊटरवर: अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या स्पीडपेक्षा जरा खाली, नव्वद टक्क्यांच्या आसपास बांधा, म्हणजे रांग ऑपरेटरच्या डब्यात न साचता तुमच्या राऊटरमध्ये साचेल, आणि तुमच्या राऊटरमध्ये कोण पुढे जाणार हे तुम्ही ठरवू शकता. आवाज पहिला, बाकी नंतर. परत तीच पिंग टेस्ट करा, फरक डोळ्यांनी दिसतो.

तुमच्या राऊटरच्या बाहेर पडल्यावर मात्र उघड्या इंटरनेटवर तो ४६ चा शिक्का कुणी विचारत नाही. म्हणून कॉलवर धंदा अवलंबून असेल, म्हणजे ट्रान्सपोर्ट बुकिंग असेल किंवा सीझनमध्ये द्राक्षाच्या गाड्या सोडणारं पॅकहाऊस असेल, तर ऑपरेटरच्या स्वतःच्या फायबरवर येणारा एसआयपी ट्रंक घ्या, तो नेटपासून वेगळा चालतो. साध्या ऑफिसला चांगल्या ब्रॉडबँडवर भागतं.

आणि दुसरी लाइन घ्याच. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी रस्ते उकरलेत, जेसीबीला फायबर आणि मुळी यातला फरक कळत नाही. दुसरी लाइन वेगळ्या ऑपरेटरची आणि जमलं तर वेगळ्या बाजूने येणारी पाहिजे, दोन्ही एकाच खांबावरून येत असतील तर एकाच ट्रकने दोन्ही जातात. ४जी-५जीचा राऊटर बॅकअपला ठेवला तरी चालेल.

वायफायवर डेस्क फोन लावू नका. होतं सगळं, पण करू नका. शॉपमध्ये फिरणाऱ्या सुपरवायझरला कॉर्डलेस हवा असेल तर आयपी डेक्ट बघा.

सहावी: पीबीएक्स कुठला

तुमचा सध्याचा ईपीएबीएक्स फार जुना नसेल तर त्यात व्हीओआयपी कार्ड बसतं का विचारा, कधी कधी तेवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात. नवीनच करायचं तर तयार आयपी-पीबीएक्सचा डबा, किंवा क्लाउडवरचा भाड्याचा, किंवा स्वतः ॲस्टेरिस्क. ॲस्टेरिस्क १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोराने लिहायला घेतलं, कारण त्याच्या छोट्या कंपनीला विकतचा पीबीएक्स परवडत नव्हता. फुकट आहे, फ्रीपीबीएक्सचा चेहरा लावला की ब्राउझरमधून चालतं. पण फुकट म्हणजे तुमचा वेळ जाणार, आणि तो सेट करणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला तर पुढे कोण, याचं उत्तर असेल तरच त्या वाटेला जा. नसेल तर डबा घ्या. क्लाउडचं मला एकच खटकतं, नेट गेलं की शेजारच्या केबिनला पण फोन लागत नाही.

कोडेक आत जी.७११ ठेवा, बाहेरही तोच, आणि त्याच्या दोन प्रकारांपैकी भारतात ए-लॉ, म्यू-लॉ नाही. बँडविड्थ वाचवायची गरज नाही हे वर बघितलंच.

एफएक्सओ गेटवेवर जुनी लाइन जोडली की काही वेळा आपलाच आवाज परत ऐकू येतो. हा प्रतिध्वनी जुन्या सिस्टिममध्ये पण होताच, पण उशीर नसल्यामुळे कानाला कळत नव्हता, आता पॅकेट करण्यात काही मिलिसेकंद जातात म्हणून कळतो. गेटवेत देशाचं सेटिंग भारत करा म्हणजे इम्पिडन्स जुळतो, आणि इको कॅन्सलर चालू आहे का बघा.

एका बाजूचाच आवाज येतोय आणि अपलोड रिकामं आहे, तर राऊटरमधलं एसआयपी एएलजी बंद करा. ते मदतीसाठी बनवलेलं आहे म्हणे, पण बहुतेक राऊटरमध्ये ते पॅकेटमधले पत्ते असे काही बदलतं की फोनची रिंग वाजते, उचलला जातो, आणि आवाज कुठल्या तरी भलत्याच दारावर जाऊन उभा राहतो. कारण रिंग वाजवण्याचं बोलणं एसआयपीचं, पोर्ट ५०६० वरून (हा पोर्ट म्हणजे भिंतीतलं सॉकेट नाही, सॉफ्टवेअरमधलं नंबरचं दार), आणि प्रत्यक्ष आवाज आरटीपीचा, वेगळ्याच पोर्टांवरून. रिंग वाजली म्हणजे आवाजाची वाट पण मोकळी आहे असं अजिबात नाही.

सातवी: डायल प्लॅन

म्हणजे कुठले आकडे दाबले की कॉल कुठे जायचा त्याचे नियम. हे कंटाळवाणं वाटतं पण पहिल्या दिवशी शिव्या इथूनच पडतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला कॉल करताना आधी शून्य लावावा लागतो. आणि आपल्या ऑफिसांत बाहेरची लाइन घ्यायला पण शून्यच दाबायची सवय. म्हणजे माणूस शून्य दाबणार, मग परत शून्य आणि मोबाइल नंबर. पीबीएक्सने पहिला शून्य काढून टाकला नाही तर ट्रंकवर दोन शून्य जातात, आणि दोन शून्य म्हणजे आयएसडी. मी तर सुचवीन बाहेरच्या लाइनसाठी शून्याची भानगडच काढून टाका: दहा आकडी, ६ ते ९ ने सुरू होणारा नंबर आला की पीबीएक्सने स्वतः शून्य लावावा, ज्याने सवयीने एक किंवा दोन शून्य लावले त्याचाही कॉल जावा. लोकांना नवीन शिकवण्यापेक्षा मशीनला शिकवणं सोपं.

११२, १०१, १०८ हे नंबर कुठल्याही एक्स्टेन्शनवरून, वॉचमन केबिनमधून सुद्धा, काही आधी न दाबता लागले पाहिजेत. आणि एक्स्टेन्शनचे नंबर १०१ पासून सुरू करू नका, मग फायर ब्रिगेडला लावताना अकाउंट्समधल्या काकांचा फोन वाजेल. २०१ पासून घ्या.

आठवी: कुलूप

पीबीएक्स थेट इंटरनेटवर उघडा ठेवला तर ५०६० वर दार ठोठावणारे बॉट काही तासांत येतात. एक्स्टेन्शन २०१ आणि पासवर्ड पण २०१ असेल तर सुट्टीच्या दोन दिवसांत कुठल्या तरी बेटावर हजारो मिनिटं बोलणं होतं आणि बिल तुमच्या नावावर. पासवर्ड लांबलचक, बाहेरच्या माणसाला व्हीपीएनमधूनच प्रवेश, आयएसडी ऑपरेटरकडूनच बंद, आणि खर्चाची मर्यादा लेखी घालून घ्या. एक्स्पोर्टवाल्यांना आयएसडी लागतंच, तर ते दोन एक्स्टेन्शनला द्या, तेही ऑफिसच्या वेळेतच.

नववी: आता फोन घ्या

आधी चार-पाचच घ्या. स्टोअर आणि डिस्पॅचला लावा, मालकांच्या केबिनला नाही. स्टोअरवाला तोंडावर सांगतो काय चुकतंय, केबिनमधून फक्त "हे काय घेतलंय" एवढंच येतं. जुने फोन काढू नका, दोन्ही शेजारी शेजारी चालू द्या. पीबीएक्स प्रत्येक कॉलचा जिटर आणि लॉस नोंदवतो, तो रोज संध्याकाळी बघा, रॅकच्या दारावरचे तीन आकडे त्यासाठीच आहेत. एक पूर्ण बिल सायकल जाऊ द्या, मग बाकीचे फोन घ्या.

बदलाचा दिवस साप्ताहिक सुट्टीचा निवडा. संध्याकाळी यादी घेऊन परत फिरा, वॉचमन केबिन, लिफ्ट, फायर पॅनल, प्रत्येक ठिकाणहून खरा कॉल करून बघा. मग मेन स्विच पाडा आणि तसंच परत एकदा.

जुन्या लाइन सरेंडर करायच्या तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, डिपॉझिटची पावती शोधून ठेवा, आणि शेवटचं बिल भरल्याचा कागद जपून ठेवा, कारण बंद केलेल्या लाइनची बिलं पुढेही येत राहतात. ईपीएबीएक्स भंगारात घालायची घाई नको, पण त्याची एएमसी मात्र रिन्यूअलच्या आधी लेखी बंद करा, ती आपोआप पुढे सरकते.